विष्णुपंतांचे सूर्यनमस्कार

"सुई नाय देणार, बाबूजी," डॉक्टर चंदूमल हसून म्हणाले. "साठीला आले तुम्ही. शरीरातले रस मंदावणारच. कसरत करा, रोज चला. चार महिन्यांत फरक पडेल. आणि घरवालीला सगळं खुल्ला सांगा."

विष्णुपंतांनी मान खाली घातली. अंबरनाथच्या कारखान्यातले हे हेडक्लार्क, ओळखीचा डॉक्टर नको म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प एकपर्यंत आले होते. दोन वर्षं ते कुंदाकडे पाठ करून निजत होते. हात पुढे केला आणि जमलं नाही तर?

बाकी सगळं त्यांनी ऐकलं. घरवालीला सांगणं तेवढं राहिलं. कोणत्या तोंडानं सांगणार!

आषाढात बारा नमस्कारांनी सुरुवात झाली, कार्तिकापर्यंत शंभर झाले. शिवाय रोज चिखलोलीपर्यंत पायी जाऊन परत.

"अहो, काही व्रत धरलंत का?" कुंदानं एकदा विचारलं.

"तसंच समज," पंत पुटपुटले.

आणि एका पहाटे, रुसून गेलेला सोयरा आपणहून दारी यावा, तसं शरीर जागं झालं. पंतांचे डोळे भरून आले. "पांडुरंगा!" म्हणत त्यांनी हात जोडले. आज कुंदाला सांगायचंच.

दुपारी देवळात कीर्तन होतं. बुवांच्या गळ्यात साक्षात देव उतरला होता; झांजांबरोबर पंतांचं काळीजही नाचत होतं. आरती झाली तशी शेजारची कौसाबाई लगबगीनं आली. "पंत, भाग्याचे हो तुम्ही! कुंदावहिनींनी बुवांकडून माळ घेतली!"

मागून कुंदा आली. गळ्यात तुळशीची माळ, चेहरा उजळलेला.

"तुम्ही एवढं वैराग्य धरलंत, मी का मागे राहू? बुवांपुढे शब्द दिलाय. आजपासून माझं अंथरूण माजघरात, जन्मभर. तुमच्या व्रतात माझी आडकाठी नको."

पंतांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण तिचे डोळे इतके निवलेले त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"छान केलंस," ते म्हणाले.

घरी आल्या आल्या तिनं गादी काढली. एक टोक तिनं धरलं, दुसरं पंतांनी. माजघराच्या दारात वळताना ती थबकली.

"दम नाही ना लागला?"

"छे," विष्णुपंत म्हणाले, "आता नाही लागत."