बातमीतली ओटी

हे सगळं २०१९ च्या उन्हाळ्यात झालं. आदला पावसाळा कोरडा गेला होता आणि आमच्या धाड गावाच्या आजूबाजूच्या गावांना होळीआधीच टँकर लागले होते. मी शाळेतून पेन्शनीत निघाले होते. घरात खालची खोली मोकळी होती, ती मी एका संस्थेला दिली. ही संस्था गरीब देशांतल्या खेड्यांमध्ये पत्रकार तयार करायची. कुठे नेपाळ, कुठे केनिया आणि त्यात आमचा बुलढाणा जिल्हा. इथे त्यांनी मुली निवडल्या होत्या, आणि विमलबाईंच्या घरी जाते म्हटलं की मुलींना घरून परवानगी मिळायची. बातमीला जातानाही सोबत मीच असायची.

शिकवायला पुण्याहून अनुपमा यायची. तिच्याजवळ नियमांचं एक जाडं पुस्तक होतं, सगळ्या देशांसाठी एकच. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याचीही बाजू घ्यायची. स्वतःच्या घरादाराची बातमी स्वतः करायची नाही. आणि बातमीतल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. या शेवटच्या नियमाखाली उदाहरणं होती: घड्याळ, दारूची बाटली, विमानाचं तिकीट. मुली ते वाचून खूप हसल्या होत्या.

त्या मुलींतल्या सुवर्णाच्या गावचा टँकर बौद्धपुऱ्यात कागदावर रोज यायचा, प्रत्यक्षात क्वचित. सुवर्णा स्वतःच बौद्धपुऱ्यातली, म्हणून नियमाप्रमाणे बातमी वैष्णवीकडे गेली. वैष्णवी लग्न होऊन धाडला आलेली, माहेर धामणगाव बढ्याचं. तिने दोन आठवडे उन्हातान्हात माग काढला आणि सरपंचाच्या डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात टँकर रिकामा होताना मोबाइलवर टिपला. राहिली फक्त सरपंचाची बाजू.

सरपंच निवृत्ती एके काळी माझ्या वर्गात होता. आम्ही गेलो तेव्हा तो ओसरीवरच होता. "बाई, तुम्ही कुठं या पोरीयच्या नादी लागल्या?" म्हणून हसला. टँकर नादुरुस्त होता, बागेत फक्त धुवायला नेला होता, असं त्याने सांगितलं. वैष्णवीने ते रेकॉर्ड केलं. आम्ही उठणार तोच आतून त्याची आई, गोजरबाई, काठी टेकत आली.

"कोन गावची वं तू?"

"धामणगाव बढ्याची."

"कोनाची?"

वैष्णवीने वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारीने काठी भिंतीला टेकवली. तिचंही माहेर तेच होतं, भाऊ गेल्यापासून तुटलेलं. "अन् माहेरची लेक माह्या घरून सुन्या ओटीनं जाऊन राह्यली काय?" म्हणत ती आत गेली आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. मी विधवा, माझ्यापुरता ओटीचा विषय कधीच संपलेला. मला काही सुचायच्या आत म्हातारीचे हात पुढे आले होते आणि वैष्णवीने पदर पसरला होता. निवृत्तीच्या चुलतभावाने तेवढ्यात फोटो काढला.

जीप धाडला पोचायच्या आधी फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'पत्रकारबाईंचा सरपंचाकडून सत्कार.' सुवर्णा माझ्या दारातच उभी होती.

"माह्या घरी किती खेपा आली तू. आमी तुले पेलाभर पानी देऊ नाही शकलो. तिथं नारळ भेटला न."

"तू असती तं काय केलं असतं?"

"मले कोन भरते तिथं ओटी?" सुवर्णा हसली. वैष्णवीला हसता आलं नाही.

अनुपमाचा फोन आला. वैष्णवीने तो स्पीकरवर टाकला, पण स्वतः बसेना. खिडकीपासून दारापर्यंत तिच्या चकरा चालू होत्या.

"नियम स्पष्ट आहे, वैष्णवी. आता ही बातमी आपल्याला लावता येणार नाही. लावली तर ते हाच फोटो पुढे करतील."

"ताई, ओटीले नाही म्हनलं तं शिवी दिल्यासारखं होते."

"मला कळतंय गं. पण संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसला काय सांगू?"

वैष्णवी थांबली. "ओटी भरली, असं बातमीतच लिहिलं तं? फोटोसकट. कोनी भरली, काऊन भरली, सगळं."

मग अनुपमा म्हणाली, विचारून सांगते.

तो सगळा दिवस असाच गेला. फोन वाजला की दोघी झेपावायच्या आणि निघायचा कुणाच्या तरी सासूचा. मी केलेला चहा तसाच निवला. सुवर्णाने मधे दोनदा घरी फोन करून पाणी आलं का, ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचा होकार आला. सुवर्णा म्हणाली, "टाक मग." वैष्णवीने चप्पल घातली. "आधी म्हातारीले सांगतो. बाई, चला."

गोजरबाई मागच्या अंगणात गहू निवडत होती. वैष्णवी तिच्याजवळ खाली बसली आणि तिने काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली, सुपातले हात तेवढे थांबले.

"टँकरचं छाप," ती शेवटी म्हणाली. "मी का आंधळी हावो? माह्या पोराले काय म्हनायचं ते म्हन. पन माही ओटी बजारात नेऊ नोको, बाई. ते मी पोरासाठी नाही भरली."

"मी तेच लिहीन, आजी. माहेरची म्हनून भरली, असंच."

"लिहिलं की ते माहेरची नाही राहत."

वैष्णवीने तिचे पाय धरले. म्हातारीने ते मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. परतताना जीपमध्ये वैष्णवी सारखी मोबाइल उघडत होती, बंद करत होती. मला म्हणाली, "बाई, ते वाक्य काढलं तं बातमी मरते न?" मी म्हटलं, हो. धाडच्या बसस्टँडवर उतरायच्या आत तिने बातमी पाठवून दिली. ओटीचं वाक्य अगदी वर होतं.

बातमी लागली. त्या आठवड्यातच टँकर बौद्धपुऱ्यात उभा राहू लागला. फोटो दाखवणाऱ्यांना दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

निवृत्तीने पुढची निवडणूक लढवली नाही. आता त्याची सून सरपंच आहे आणि तो मला रस्त्यात भेटला की अजूनही नमस्कार करतो. अनुपमाच्या संस्थेचा इथला निधी लॉकडाउनमध्ये आटला. ती हल्ली काठमांडूला मुलींना शिकवते. सुवर्णा जळगाव जामोदला एका वाहिनीसाठी काम करते, तिच्या फोनला तहसीलदारही घाबरतात म्हणे. वैष्णवीला एका दैनिकाने घेतलं होतं, पण त्यांना बातम्यांपेक्षा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती हव्या होत्या. तिने ते सोडलं. आता ती स्वतःचं बातम्यांचं चॅनल चालवते.

गोजरबाई २०२२ मध्ये गेली. वैष्णवी तेरवीला गेली होती, मी सोबत होते. बायकांनी तिला बसायला जागा दिली, पण कुणी बोललं नाही. धामणगाव बढ्यात गोजरबाईच्या भाच्यांचं घर वैष्णवीच्या माहेराला लागूनच आहे. बातमी लागल्यापासून त्या दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे.