खुणेपर्यंत पाणी

लोथारला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा त्याने नाकावरची नळी बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं. नवऱ्याला शेवटचं काही सांगायचं असेल म्हणून मी कान पुढे केला. तो म्हणाला, "ट्राउडे, टाकीतलं पाणी रोज खुणेपर्यंत भर." घ्या! पन्नास वर्षांच्या संसाराचं हे भरतवाक्य.

माशांच्या टाकीचं बाकीचं सगळं त्याने तीन पानांवर लिहूनच ठेवलं होतं. समुद्रघोड्यांना गोठवलेली कोळंबी दिवसातून तीनदा, लांब नळीने, अगदी तोंडापुढे. फार संथ प्राणी, घाई केली तर उपाशी राहतात. फुलपाखरू माशाला काचेच्या पडद्यापलीकडे वेगळं, नाहीतर तो सगळ्यांचं फस्त करतो. हा फुलपाखरू पिवळाधमक, लांब नाकाचा, ज्यात त्यात नाक खुपसणारा. रंग थेट आमच्या टपालगाडीचा, म्हणून त्याचं नाव पोस्टमन. समुद्रघोड्यांतली मादी लोटे आणि नर मुकादम. लोथारने खाणीत ज्याच्या हाताखाली वीस वर्षं कोळसा फोडला, त्या मुकादमाचं पोट म्हणे असंच पुढे आलेलं होतं.

आता तर टाकीतल्या मुकादमाचं खरोखरच आलं होतं. समुद्रघोड्यांत पिल्लं नर वागवतो. अकरा वर्षांत लोथारने तीन जोड्या पाळल्या, एकालाही दिवस गेले नाहीत. गेले ते नेमके लोथारच्या फुप्फुसांनी हात टेकले तेव्हा. "पिल्लं झाली की मी घरी येतो बघ," तो मला म्हणाला. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला एकटीला माहीत होतं. मी म्हटलं, "ये, ये. बाळंतविडा तयार ठेवते."

आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात मुकादमाची ही बातमी फुटली तेव्हा गिस्बेर्टने बिअरचा ग्लास उंच करून म्हटलं होतं, "लोथार, तुला जमलं नाही ते तुझ्या घोड्याने करून दाखवलं!" सगळे खो खो हसले. लोथारही हसला. आम्हाला मूल नाही. मी कोट घातला आणि घरी निघून आले.

त्यामुळे लोथार इस्पितळात गेल्यावर दुसऱ्याच दिवशी हाच गिस्बेर्ट दारात उभा राहिला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"ट्राउडे, टाकीकडे बघू का जरा?"

"माझे डोळे शाबूत आहेत."

"अगं, निदान पाण्याचं तरी—"

"पाणी भरायला आता तू शिकवणार मला? जा, आधी ते बूट पूस." आणि मी दार लावून घेतलं.

तळघरात दोन पिंपं होती. निळ्यात गाळलेलं साधं पाणी, पांढऱ्यात मीठ कालवलेलं. रोज सकाळी काचेवरच्या खुणेखाली दोन बोटं पाणी उतरलेलं असायचं. समुद्रातले मासे, त्यांना खारंच पाणी लागणार, हे काय कुणी सांगायला हवं? मी पांढऱ्या पिंपातलं भरत गेले. ते संपलं तेव्हा पिशवीवर लिहिल्याप्रमाणे मीठ काट्यावर तोलून नवीन कालवलं. चिमूटभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी मीठ मोजून घातलं.

एरवी माझा हात मिठाला सैल. आमच्याकडे सूप खारट झालं की करणारीला विचारतात, कोणाच्या प्रेमात पडलीस? लोथारने हा विनोद लग्नाच्या पहिल्या आठवड्यात केला, आणि पुढे पन्नास वर्षं दर खेपेला तो आत्ताच सुचल्यासारखा करत राहिला. मी दर खेपेला म्हणायची, "गप गिळ."

रोज दुपारी इस्पितळात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मुकादम काय म्हणतो?"

"ढेरी मिरवतोय."

"सकाळी भेटले दोघं?"

"भेटले की. त्या हिरव्या झुडपापाशी. शेपटीत शेपटी अडकवून गोल गोल फिरले. तुझी लोटे लाजून पिवळी झाली. तुझ्या मुकादमाला मात्र लाज नाही." तो हसायचा, मग खोकायचा, आणि मला वाटायचं, कशाला हसवलं मी ह्याला.

अठराव्या दिवशी मुकादमाने खाणं सोडलं. कोळंबी तोंडापुढे धरली तरी मान फिरवेना. भराभर श्वास घेत तळाशी बसून राहिला. इस्पितळात लोथारही तसाच श्वास घेत होता. मी त्याला सांगितलं, "छान आहे सगळं." विसाव्या दिवशी सकाळी मुकादम वाळूवर आडवा पडलेला दिसला, पोट भरलेलं तसंच. लोटे झुडपाला शेपटी गुंडाळून त्याची वाट बघत होती.

मी एप्रनमध्ये, घरातल्या सपातांवर गिस्बेर्टकडे धावले. तो काही न विचारता आला. त्याने खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात बुडवली, वाचली, पुसून पुन्हा बुडवली.

"ट्राउडे, कुठलं पाणी भरत होतीस?"

"खारंच की. समुद्राचे मासे ना?"

"अगं, वाफ होऊन पाणी जातं. मीठ जात नाही, ते आतच राहतं. रोज साधं भरायचं असतं. तू मिठात मीठ घालत गेलीस."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" मी ओरडले. लोथारला ही गोष्ट श्वास घेण्याइतकी साधी, म्हणून तीन पानांत त्याने ती लिहिली नव्हती. आणि गिस्बेर्ट त्या दिवशी दारात तेच सांगायला आला होता. ते बोलून न दाखवता त्याने बाह्या सरसावल्या. मला धरणी ठाव देईना. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत तांब्या-तांब्याने निळ्या पिंपातलं पाणी आत सोडलं. लोटे आणि पोस्टमन वाचले.

मग इस्पितळात गेले तर लोथारने विचारलं, "झाली का पिल्लं?"

हो म्हटलं असतं तर तो सुखाने गेला असता. पण पन्नास वर्षं ज्याने माझा चेहरा वाचला त्याच्यापुढे जीभ रेटेना. "लोथार, मी मारलं त्याला. मिठाने. पोटातल्यांसकट."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. भेटीची वेळ संपेपर्यंत ते तिकडेच होतं. रस्ताभर मी स्वतःला शिव्या घालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर मास्क होता. त्याने बोटाने बोलावलं. मी पुन्हा कान पुढे केला.

"पांढऱ्या पिंपातलं?"

"हो."

"रोज?"

"रोज. मोजून."

त्याने बराच वेळ श्वास गोळा केला. "मग म्हातारे... एवढी कोणाच्या प्रेमात पडली होतीस?"

'गप गिळ' म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून मी लहान पोरीसारखी रडले. तो माझ्या केसांवर हात ठेवून पडून राहिला. गुरुवारी लोथार गेला.

दफनानंतर मंडळी घरी जेवायला आली. लोथारला आवडायचं म्हणून मी वाटाण्याचं सूप केलं होतं. गिस्बेर्टने न सांगता तळघरातून बादली आणून टाकी खुणेपर्यंत भरली, मग हात धुऊन तोही पानावर बसला. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी पहिला चमचा तोंडात घातला. नुसतं मीठ. घशाखाली उतरेना.

मी वर पाहिलं. नणंद, शेजारी, मंडळातली सगळी माणसं खाली माना घालून खात होती. "छान झालंय गं, ट्राउडे," नणंद म्हणाली. गिस्बेर्टने तर पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून खाल्ला. सगळ्यांनी वाडगे रिकामे केले, पण कोणाच्या प्रेमात पडलीस, हे मला कोणीच विचारलं नाही.