मागची बाजू

मॉडेल उलटं ठेवलं गेलं होतं. हमालांनी ते सभागृहातल्या लांब टेबलावर आणून ठेवलं ते असं, की इमारतीची पाठ लोकांकडे आणि नदी भिंतीकडे. ऑफिसच्या साहेबांनी लांबूनच हात गोल फिरवून खूण केली. धाकटी पुढे झाली, खालची पाटी दोन्ही हातांनी धरून तिने मॉडेल हलकेच वळवलं, आणि नदी म्हणून चिकटवलेली निळी काच खुर्च्यांच्या बाजूला आली. आता कसं छान दिसत होतं. बाल्कन्या, बाल्कन्यांत इवलीइवली झाडं, खाली पाण्याच्या कडेने फिरायला रुंद वाट. सांडपाण्याचे पाइप आणि संडासांच्या खिडक्या असलेली बाजू भिंतीकडे गेली.

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. धाकटी ती फक्त ताईच्या घरी, आणि तिला घर म्हणण्यासारखं तेवढंच होतं. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. ताईने आणि दाजींनी लोकांचे कपडे धुऊन तिला शिकवलं, आर्किटेक्ट केलं, आणि केल्याचं एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं, निदान एकदा भांडून मोकळं होता आलं असतं.

ताईची लॉन्ड्री नदीकाठच्या या मोकळ्या जागेच्या अगदी मागे होती, एका बुटक्या घरांच्या गल्लीत. सगळी गल्लीच त्या धंद्यातली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टोपल्याच्या टोपल्या टॉवेल, आणि गच्च्यांवर दोऱ्याच दोऱ्या. नदीवरून वारा यायचा आणि दिवसभर ऊन असायचं, त्यावर सगळ्यांची पोटं चालायची. आता मधल्या जागेत ही इमारत उभी राहणार म्हटल्यावर गल्लीने नगरपालिकेत हरकत नोंदवली होती. आज तिची सुनावणी होती, आणि गल्लीच्या वतीने बोलणार होती ताई.

ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने गल्लीला आधीच बजावून ठेवलं होतं म्हणे, की धाकटीकडे बघून हसायचं नाही, हात करायचा नाही, कुणाला नातं कळलं तर पोरीच्या नोकरीवर येईल. सगळे इमानेइतबारे पाळत होते. इस्त्रीवाले काका, जे एरवी ती दिसली की 'काय आर्किटेक्ट, आमच्या मोरीचा नकाशा कधी काढताय?' असं विचारल्याशिवाय सोडत नसत, ते आज छताच्या पंख्याकडे इतकं टक लावून बघत होते की शेजारच्या दोघांनीही वर बघितलं. धाकटीला हसू आलं, ते तिने मान वळवून लपवलं.

गोष्ट साधीच होती. ऑफिसात दोन आराखडे झाले होते. एक बारीक, उंच आणि नदीशी तिरका. त्याचं नाव पडलं 'सुई'. दुसरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नदीला समांतर, रुंद. त्याला कुणीतरी 'भिंत' म्हणालं आणि तेच चिकटलं. सुईच्या दोन्ही अंगांनी मागे ऊन जात होतं, पण निम्म्याच फ्लॅटमधून नदी दिसत होती. भिंतीत एकूण एक फ्लॅटमधून दिसत होती. सुई साहेबांची होती. भिंत धाकटीची.

हो, धाकटीची. ती काढताना तिला गल्ली आठवली नव्हती असं नाही. चांगली आठवली होती. पण बिल्डर सुईकडे बघत जांभई दाबत होता, आणि या कामाचा प्रमुख कोण हे अजून ठरायचं होतं. साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनीच विषय काढला, की मागे कपडे वाळत घालणारे लोक आहेत, त्यांचं ऊन जाईल, त्याचं काय? तेव्हा धाकटी म्हणाली होती, "मागून कोण बघणार आहे, सर?" बिल्डर मनापासून हसला. साहेबही हसले, जरा उशिराने. त्या हसण्यावरच भिंत पक्की झाली, आणि धाकटीचं प्रमुखपदही.

त्यानंतर ती ताईकडे गेली ती खोटं बोलायचं ठरवून गेली नव्हती. ताई गच्चीवर चादरी उतरवत होती. नेहमीसारखी तिने चादरीची दोन टोकं धाकटीच्या हातात दिली, दोघींनी चादर ताणली, झटकली, आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या. ताई अगदी जवळ आल्यावर म्हणाली, "त्या इमारतीचं काय झालं गं?" आणि धाकटीने सगळं सांगितलं. दोन आराखडे, सुई, भिंत, बिल्डरची जांभई, सगळं खरं. माणसांची तेवढी अदलाबदल केली. सुई माझी होती, म्हणाली, पण साहेबांनी भिंतच लावून धरली. मी खूप भांडले, माझं कुणी ऐकलं नाही.

ताईने तिच्या हातातली टोकं काढून घेतली.

"किती जणांशी भांडशील एकटी? चल, जेवून जा."

त्या दिवशी ताईने तिला आग्रह करकरून वाढलं. धाकटी ताटातलं नुसतं चिवडत होती, आणि तो भांडणाचा शीण आहे असं समजून ताई दाजींना डोळ्यांनी खुणावत होती, की आता तिला काही विचारू नका.

ताई ते मनात ठेवेल असं धाकटीला वाटलं होतं. पण ताईला सुईचा अभिमान वाटायला लागला होता. आपल्या पोरीने आपल्यासाठी काढलेला आराखडा फुकट का जावा? तिने गल्लीची हरकत त्यावरच उभी केली. धाकटीला हे कळलं ते इथे, ताई उभी राहून बोलायला लागल्यावर.

ताई अडखळत बोलली, पण मुद्द्याचं बोलली. आमचं इमारतीशी वैर नाही, बांधा, म्हणाली. फक्त एक सांगा. तुमच्याकडे दुसरा, बारीक आराखडा होता, नदीला तिरका. त्यात आमचं ऊन राहत होतं. तो का टाकून दिला?

साहेबांचं पेन थांबलं. सुनावणी घेणारे अधिकारी वयस्कर होते, सकाळपासून चारचार वेळा तेच तेच ऐकून कंटाळलेले. ते पहिल्यांदाच नीट बसले आणि त्यांनी साहेबांना विचारलं, असा आराखडा होता का? साहेब म्हणाले, सुरुवातीला कागदावर बरंच काय काय असतं. पण ऑफिसच्या आतली गोष्ट बाहेर कशी गेली, हे आम्हालाही कळायला हवं. असं म्हणून त्यांनी आपल्या माणसांच्या रांगेवरून नजर फिरवली. ती धाकटीवर थांबलीसुद्धा नाही. तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

अधिकारी ताईकडे वळले. आवाज मऊ होता.

"बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाव द्या. नाव दिलंत तर तो आराखडा मला मागवता येतो, तुलना करता येते, कदाचित बदलही करायला लावता येतो. नाहीतर ही ऐकीव गोष्ट झाली. तिच्यावर मी काही करू शकत नाही."

सगळं सभागृह ताईकडे बघत होतं. गल्लीतले लोक तर पुढे सरकून बसले होते. नाव त्या सगळ्यांना माहीत होतं. धाकटीने उठून 'मी सांगितलं' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग आराखडे आले असते, आराखड्यांवर सह्या असतात, आणि सुई कुणाची आणि भिंत कुणाची ते सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं.  हाताशी असलेल्या मॉडेलवरची एक बाल्कनी सुटत आली होती, ती तिने बोटाने दाबून धरली.

 पाण्यात राहून राहून पांढरी पडलेली बोटं ताईने एकमेकांत गुंतवली.

"ऐकीवच आहे," ती म्हणाली. "माझी समजूत चुकली असेल."

"मग हरकतीचं काय करायचं?"

"मागे घेते."

गल्लीत एकदम कुजबुज उठली. इस्त्रीवाले काका अर्धवट उठले, "अगं, पण..." म्हणाले, आणि ताईने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि चहाची सुटी दिली.

सुटल्यासारखं वाटेल असं धाकटीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिचे कान तापले, आणि तिला लाज वाटली, लहानपणी वर्गात सगळ्यांसमोर उभं केल्यावर वाटायची तशी, नखशिखांत. ताईने तिच्या नोकरीसाठी सगळ्या गल्लीचं ऊन देऊन टाकलं होतं, आणि ज्या भांडणाखातर तिने ते दिलं ते भांडण झालंच नव्हतं. आता खरं काय ते ताईला लगेच सांगायला हवं होतं. तिने चहाचा कप उचलला आणि ती बाहेर गेली.

बाहेर व्हरांड्यात गल्लीतले लोक एका बाजूला घोळका करून उभे होते, आणि ताई दुसऱ्या बाजूला, खांबापाशी, एकटी. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. धाकटी तिच्याकडे चालू लागली. काय म्हणायचं ते तिने ठरवलं होतं: सुई माझी नव्हती. एवढे तीन शब्द. तेवढ्यात साहेबांनी तिला मागून गाठलं. बाईंशी दोन शब्द बोलू या, म्हणाले, बिचाऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला. आणि ते तिच्या एक पाऊल पुढेच ताईपाशी पोचले.

"बाई, आता मिटलंय म्हणून सांगतो. तुमची समजूत चुकीची नव्हती. तो बारीक आराखडा होता, माझाच होता. मलाही तुमच्या उन्हाची काळजी वाटत होती. पण या मॅडमनी आम्हा सगळ्यांना पटवलं." त्यांनी धाकटीला हाताने पुढे घेतलं. श्रेय ज्याचं त्याला द्यावं, असं त्यांचं मत होतं. "आता होतेय ती इमारत पूर्ण यांची. मी विचारलं, मागच्या लोकांचं काय, तर म्हणाल्या, मागून कोण बघणार आहे?" आणि ते त्या दिवशी हसले होते तसंच हसले.

ताईने दिवसभरात पहिल्यांदाच धाकटीकडे बघितलं. रागाने नाही. धुतलेल्या चादरीवर डाग राहिलाय का हे ती उजेडाकडे धरून बघायची, तसं बघितलं. 

साहेबांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"तुमची ओळख आहे का एकमेकींशी?"

धाकटीने तोंड उघडलं. पण ताई आधी बोलली.

"नाही," ती म्हणाली. "ओळख नाही."

धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हे साहेबांपुरतं आहे, हे सांगणारं काहीतरी त्यात असेल, पापणी लवेल, ओठ हलेल. ताईने हात पुसल्यासारखे एकमेकांवर फिरवले.

"चहा घ्या, मॅडम. तुमचा निवतोय."

मग ती व्हरांडा ओलांडून गल्लीच्या घोळक्याकडे गेली. कुणी सरकून तिला जागा दिली नाही. तरी ती त्यांच्यातच जाऊन उभी राहिली.