खाली टर्बो

"जेव ना आता. भाकर सुकली," बायको संगीता तिसऱ्यांदा म्हणाली.

"हात बसलाय, मोडू नको," म्हणत जीवनने पाइप पुन्हा इंजिनाला लावून पाहिला.

तलासरीला हायवेलगत त्याचं वेल्डिंगचं दुकान. घोलवडच्या चिकूवाडीवाल्या प्रितेशची गाडी तिथे बॉनेट उघडून उभी होती. प्रितेश रविवारी पुण्याला शर्यतीला जाणार होता. इंजिनाला ताकद वाढवणारा टर्बो बसवायचा म्हणून त्याने जीवनला मॅनिफोल्ड बनवायला सांगितलं होतं. इंजिनाच्या चार भोकांतला धूर एका तोंडाशी आणून टर्बोत सोडायचा, एवढंच त्या चार पाइपांचं काम. पण आजवर जीवनने जोडली ती फाटकं आणि ट्रॉल्यांचे हुक. फाटकाकडे कोण वळून बघतो? हे मात्र पुण्यातले जाणकार वाकून बघणार होते. काम हाती घेतल्यापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. बायको बोलली तरी अंगावर यायचा.

इंजिनाला टेकणारी जाड पट्टी, फ्लँज, तापून वाकू नये म्हणून त्याने ती भंगारातल्या इंजिनाच्या जुन्या हेडवर आवळली होती आणि पार गार होईतो सोडली नव्हती. एरवी चहा निवायची वाट न बघणारा माणूस!

एक शंका तेवढी पायातल्या काट्यासारखी सलत होती. प्रितेश फोनवर म्हणाला होता, "खाली टर्बो बसवायचा, बस." खाली म्हणजे पार तेलाच्या चेंबरशेजारी? मग टर्बोतलं तेल परत चेंबरात वर चढणार कसं? विचारावं, तर याला काही कळत नाही असं प्रितेशला वाटायचं. म्हणून विचारलंच नाही. चारही पाइप वळवून खाली नेले, आणि असे नेले की कुठे सांधा दिसेल तर शपथ.

दुपारी प्रितेश आला. वाकला. "एक नंबर, जीवनभाय! पण एवढा खाली कशाला नेला?"

"तुम्हीच बोलले ना, खाली टर्बो."

"अरे, ते आमचं गुजराती खाली! खाली टर्बो म्हणजे फक्त टर्बो. दुसरं काय नाय करायचं."

दोघेही हसले. जीवनचं हसू आधी थांबलं.

"कापून वर घेता येईल?" प्रितेशने विचारलं.

जीवनने ग्राइंडर सुरू केला, पाइपाजवळ नेला आणि न टेकवताच मागे घेतला. "हा राहू दे. दुसरा करतो."

दुसरा झाला तो जाड, आखूड, ओबडधोबड. पण पक्का. शनिवारी प्रितेश त्याच्यावर पांढरी पट्टी गुंडाळायला लागला.

"हे काय?"

"धग अडवायला. पहिल्यालापण गुंडाळलीच असती. मॅनिफोल्ड कोण बघतो?"

जीवन मान डोलावत राहिला. खरं तर त्याला रडू येत होतं.

गाडी पुण्यात झकास पळाली, असा फोन आला. पहिला मॅनिफोल्ड दुकानाच्या दारात खिळ्याला टांगलेला राहिला. एकदा सायवनचा सुक्या फाटकाचं माप द्यायला आला, तेव्हा जीवन त्या मॅनिफोल्डवरची धूळ फडक्याने पुसत होता.

"काय रं हे? कशाचं?"

"काय नाय," जीवन म्हणाला. "खाली पाइप आहेत."