बुजवलेली भोकं

भास्कर मयेकरांनी जन्मभर ट्रक चालवला आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली. दोन्हींत त्यांचा हात धरणारा पावस पंचक्रोशीत कुणी नव्हता.

त्यांचा तोच जुना ट्रक आता त्यांची लेक उमा पुन्हा रस्त्यावर आणायला निघाली होती. यंदाच्या आंब्याच्या पेट्या ती स्वतः ट्रक चालवत कोल्हापूरला नेणार होती. इंजिन बसलं, गिअर बसले, तोवर भास्करकाका गप्प राहिले. पण माल भरायचा हौदा उतरवला, चॅसिस उघडी पडली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. प्रत्येक नव्या हौद्यासाठी कुणी ना कुणी नवी भोकं पाडली होती. टाकीसाठी वेगळी, पेटाऱ्यासाठी वेगळी, हॉर्नसाठी आणखी वेगळी.

"ही गाडी आहे की चाळण? हिच्यावर माल घालून तू घाट चढणार? ही भोकं धड बुजली तर बुजली, नायतर गाडी भंगारात. मी तुला बसू देणार नाय."

आवाज चढला होता, पण खरं सांगायचं तर काका घाबरले होते. एकुलती एक लेक होती त्यांची.

उमानं मिरकरवाड्यातून महरीनला बोलावलं. ती बंदरावर मच्छीमार होड्यांची लोखंडी कामं करायची. बाप रमजान थकल्यापासून वर्कशॉप तीच बघत होती. काकांनी तिला वरून खाली न्याहाळलं.

"होड्यांचं काम वेगळं गो."

"होय काका. होडी भर समुद्रात मोडली तर उतरून ढकलता येत नाय," महरीन म्हणाली आणि तिनं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली.

काका खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. लोक भोकात बोल्ट कोंबतात, वरून टाका मारतात, लांबीचा लगदा थापतात आणि रंग देऊन मोकळे होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. महरीननं यातलं काहीच केलं नाही. प्रत्येक भोकाची कड ती लखलखेपर्यंत घासायची. मग मागून तांब्याची पट्टी धरायची, कारण वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही आणि खालीही गळत नाही. कडेपासून गोल गोल फिरत ती मधली पोकळी भरून काढायची. एक भोक झालं की पार दुसऱ्या टोकाला जायची. एकाच जागी तापवलं तर चॅसिस वाकते. काकांना हे बघता बघता उमगलं आणि ते मनातल्या मनात खूश झाले. चेहरा मात्र कारलं खाल्ल्यासारखाच ठेवला.

काम संपल्यावर काकांनी हातोडी उचलली. बाजारात नारळ वाजवून घेतात तशी एकेक जागा वाजवली, कान लावला, बोट फिरवलं. खोड काही सापडेना. त्याचा त्यांना थोडा रागच आला.

"बरं आहे," ते पुटपुटले. त्यांच्या तोंडून एवढं ऐकून उमा चहा टाकायला धावलीच.

"थांब गो," महरीन म्हणाली. "मागच्या चाकावरचं एक मला पसंत नाय. भरताना हात अडखळला माझा."

"मी वाजवलं ते. ठणठणीत आहे!" काका म्हणाले.

"तुमच्या कानाला बरं लागलं, काका. माझ्या हाताला नाय."

आणि तिनं ग्राइंडर लावला. चांगलं सपाट, देखणं झालेलं काम ती कापत गेली आणि काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. आत मोहरीएवढी काळी पोकळी निघाली.

"रिकाम्या गाडीला चाललं असतं," ती म्हणाली. "पण भरल्या गाडीला घाटात इथूनच तडा गेला असता."

तिनं ती जागा साफ केली आणि पुन्हा पट्टी धरली. खुद्द भास्कर मयेकरांनी पास केलेलं काम आपल्या हातानं फोडणारा माणूस काकांना आजवर भेटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"रमजाननं पोर घडवलंन हो," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "उमा, तू गाडी काढलीस की फाटकात आडवं पडायचं ठरवलं होतं मी. आता फाटक मीच उघडीन."