जाते म्हणू नये
निवृत्त होऊन बाईंना अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी पंपवाले काका दारात उभे राहिले.

"बाई, चला. पाहुणा जेवत नाही."

पाहुणा म्हणजे पाणी शुद्धीकरण केंद्राच्या तिसऱ्या टाकीतला जीव. तो कुठल्या ताऱ्याकडून आला हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. राखाडी, दाट सायीसारखा, टाकीभर पसरलेला. नदीच्या पाण्यातलं शिसं हेच त्याचं अन्न. तो खायचा म्हणून शहर पाणी पीत होतं. स्वतःची लय सांभाळणं मात्र त्याला जमत नसे. त्यासाठी रोज आठ मिनिटं माणसाचा तळहात लागे. त्या नाडीवर तो आपली स्पंदनं लावून घेई, जसं घड्याळ लावावं तसं.

तेवीस वर्षं तो हात बाईंचा होता. "लोकांना सासर-माहेर असतं, आमच्या बाईंना तिसरी टाकी," काका म्हणत. बाई हसून सोडून देत. दिवसभरात त्यांच्या हाताला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होत नसे, हे काकांना कुठे माहीत होतं?

टाकीच्या काठावर बाईंच्या जागी आलेली नवी केमिस्ट उकिडवी बसली होती. बाही कोपरापर्यंत ओली.

"हात घातला की आकसतो, बाई. शिसं रोज वाढतंय. आणि सारखं एकच बोलतो."

पाहुणा लोखंडी कठडा थरथरवून बोलायचा. आताही कठडा घुमला, "येते. येते."

शेवटच्या दिवशी हात पुसताना त्या सवयीने म्हणाल्या होत्या, "बरं, येते." लहानपणी एकदा दारातून "जाते गं" म्हटल्यावर आईने पाठीत धपाटा घातला होता. जाते म्हणू नये, येते म्हणावं. तो धपाटा जन्मभर पुरला. पाहुण्याला रीतभात काय ठाऊक? त्याने तो शब्द तेवीस वर्षं पडताळून पाहिला होता आणि दर वेळी तो खरा निघाला होता.

"वाट बघतोय तो," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून."

"मग या की रोज!" काका म्हणाले. "घरी तरी काय भिंतींशी गप्पा मारताय?"

"माझा आठवा ठोका चुकतो, काका. गेल्या चार महिन्यांत त्याचाही चुकायला लागला होता. मुदतीआधी निवृत्ती काय हौसेनं घेतली?"

बाईंनी बाही सारली आणि हात पाण्यात घातला. टाकीच्या पार पलीकडच्या कडेपासून तो गोळा होत आला आणि मनगटाला बिलगला. थंड, मऊ, ओळखीचा. बाईंच्या छातीतली अकरा दिवसांची धडधड जरा खाली बसली. सात ठोके नीट पडले. आठवा दोघांचाही पडला नाही.

असंच ठेवलं तर? महिना, फार तर दोन महिने. मग चुकत चुकत त्याची लयच थांबली असती, टाकीत नुसता गाळ उरला असता, आणि शहराच्या नळांना शिसं.

"जाते," बाई म्हणाल्या. त्यांची पाठ आपोआप आखडली.

कठडा हलकेच थरथरला. "येते?"

"नाही रे. जाते."

कठड्याची थरथर थांबली. बाईंनी नव्या केमिस्टचा हात धरून पाण्यात आपल्या हाताशेजारी ठेवला आणि आपला हळूच काढून घेतला. पाहुणा आकसला. थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याची एक कड पुढे सरकली, त्या बोटांपाशी थबकली, आणि त्यांच्यावर चढली.

आठ मिनिटं तो तिच्या नाडीवर आपली स्पंदनं लावत राहिला.

"निघताना मी काय म्हणू त्याला?" केमिस्टने विचारलं.

"येते म्हण. पण खरंच यायचं असेल तरच."

काका फाटकापर्यंत सोडायला आले. "या हं बाई," ते म्हणाले आणि जीभ चावली. बाईंनी नुसती मान हलवली.

घरी येऊन त्यांनी नळाखाली ग्लास धरला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर. पाच, सहा, सात.

आठवा पडला नाही. बाई तशाच थांबल्या.

नववा आला. मग त्या पाणी प्यायल्या.