शोभेच्या जागेवरचा सिग्नल

मित्रांनो, मी एक जुना सिग्नल आहे. मला शोधायला स्टेशनात जाऊ नका. मी बोटाएवढा आहे आणि एका घराच्या मागच्या खोलीत, लाकडी फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेत उभा असतो. मला दोनच गोष्टी सांगता येतात. हात आडवा असला की थांबा, खाली असला की जा. ही हकिगतही मला तशीच सांगावी लागेल, थांबत आणि जात.

हात खाली

मला घडवलं ते कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. माझा खांब पितळी नळीचा, शिडी दातांच्या तारेची आणि हातावरचा लाल रंग मुलीच्या नखांच्या रंगाचा. बाबांनी मला सरळ रुळाच्या टोकाशी रोवलं, कारण दारातून आत आलेल्या माणसाला मी तिथे सगळ्यांत आधी दिसायचो.

"अहो, हा खरंच हलतो?" लोक विचारायचे. बाबा फळीखालची तार ओढायचे. मी हात हलवायचो आणि आम्ही दोघेही फुगायचो.

हात आडवा

मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. कुठलं दार कधी उघडता कामा नये, हे बघणं तिचं रोजचं काम. बाबा दात तपासायची आकडी घालून डब्यांच्या कड्या सोडवायचे, ते तिला बघवेना.

"आभाळातून एवढा मोठा हात येतो आणि डबे तोडतो. याला रेल्वे म्हणायचं?" ती म्हणाली.

"मग तू कर काहीतरी."

तिने केलं. रुळाखाली एक चपटं चुंबक बसवलं. गाडी ताणून धावत असेल तर ते गप्प राहतं. पण गाडी तिथे थांबली, डबे एकमेकांना टेकले आणि कड्या सैल पडल्या, की ते कडी उघडतं. इंजिन पुढे गेलं की मागचे डबे जागेवर राहतात. मग त्यांना बाजूच्या यार्डात ढकलायचं. हाताचं काम नाही.

चुंबक बसवण्याआधी तिने खडूने फळीवर खुणा केल्या होत्या. त्या करतानाच ती थांबली.

"बाबा, सिग्नल हलवावा लागेल. याच्यापाशी गाडी थांबली की शेवटचे दोन डबे नेमके चुंबकावर येतात. नको तेव्हा सुटतील."

"चुंबक हलव."

"त्याला सरळ रूळ लागतो आणि सरळ रूळ आपल्याकडे एवढाच आहे. सिग्नलचं काय, तो कुठेही उभा राहील."

"कुठेही कसा? तो तिथे शोभतो."

"शोभतो म्हणून डबे थोडेच ऐकणार आहेत?"

"मी तिथे गाडी थांबवणारच नाही. हात सतत खाली ठेवीन. झालं?"

मला वाटायला हवं होतं की, नको बाबा, हलवा मला. तसं वाटलं नाही. दारातून मी पहिला दिसतो, एवढंच माझ्या मनात होतं.

हात खाली

मंडळाची माणसं आली. हौशी लोकांचं ते मंडळ. त्यांची सभागृहाएवढी मोठी रेल्वे आहे आणि तिचं यार्ड सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. मुलीचं काम बघायलाच ही माणसं आली होती. सगळ्यांत ज्येष्ठ होते ते घड्याळवाले. त्यांनी आपलं जुनं इंजिन रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"माझंही पळवा की तुमच्या रुळावर," ते म्हणाले.

मुलगी पलीकडच्या टोकाला, फळीवरच्या डोंगराच्या मागे यार्डापाशी उभी राहिली. बाबा अलीकडे, माझ्या तारेपाशी. पहिली गाडी आली. घड्याळवाले नेमके माझ्याकडे बघून म्हणाले, "सुरेख सिग्नल आहे हो."

झालं. बाबांनी हात आडवा केला. गाडी माझ्यापाशी थांबली. त्यांनी हात खाली केला. गाडी निघाली.

शेवटचे दोन डबे तिथेच राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते, रुळाकडे नाही. त्यांनी तार सैल सोडली आणि मी हळूच आडवा झालो.

डोंगरामागून मुलीने गाडी येताना पाहिली. गाडीला शेपूट नव्हती. कडी सुटली होती.

"बाबा, सुटली!"

बाबांना वाटलं, गाडी सुटली.

"सुटली ना? बघितलंत, कशी वेळेवर सुटते," ते पाहुण्यांना म्हणाले आणि दुसऱ्या गाडीसाठी त्यांनी माझी तार ओढली. त्या गाडीला घड्याळवाल्यांचं इंजिन होतं आणि मी…

हात आडवा

बाबांनी मला मध्येच वर ओढलं, पण तोवर इंजिन फार जवळ आलं होतं. ते उभ्या डब्यांवर आदळलं, फळीच्या कडेवरून खाली गेलं आणि फरशीवर त्याचं धुराडं तुटलं.

पाहुणे फरशीकडे वाकले. मग बाबांनी तोंड उघडलं.

"चुंबक हिने बसवलंय."

मित्रांनो, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. एवढं वाईट खरं मी कधी ऐकलं नाही.

"असू दे, असू दे," घड्याळवाले इंजिन रुमालात गोळा करत म्हणाले. "यार्डाचं मग बघू सावकाश."

मुलगी डबे उचलत होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "बरोबरच बोललात, बाबा. चुंबक मीच बसवलं."

माणसांना लाज वाटली की ती मान खाली घालतात. मी हात खाली केला असता, तर त्याचा अर्थ निघाला असता, जा, सगळं ठीक आहे. म्हणून मी आडवाच राहिलो. माझ्यावर चादर पडली. चादरीवर इस्त्रीचे कपडे साठले. मुलगी त्या खोलीत येईनाशी झाली.

हात आडवाच

एका सकाळी बाबांनी कपडे उचलले, चादर काढली आणि गाडी लावली. माझ्यापाशी थांबवली, सोडली. दोन डबे मागे राहिले. पुन्हा जोडले, पुन्हा थांबवली. पुन्हा राहिले. किती वेळा केलं, मी मोजलं नाही. मग पक्कड घेऊन त्यांनी मला मुळासकट उपटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

घड्याळाच्या दुकानात त्यांनी मला काउंटरवर आडवं ठेवलं.

"चूक याची होती. म्हणजे, हा कुठे लावायचा ते मी ठरवलं होतं. तिने सांगितलं होतं, हलवा म्हणून."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "एवढं सांगायला उपटून आणलंत?"

"तो तिथे दिसत असता, तर मला बोलता आलं नसतं."

"मुलीला सांगितलंत?"

बाबांनी मला उचलून परत खिशात टाकलं.

"मग मला काय सांगताय? आणि यार्डाला आम्ही दुसरा माणूस घेतला. तुम्हीच म्हणालात ना, चुंबक तिचं होतं."

परतताना खिशात मला बाबांचं घाईघाईचं चालणं कळत होतं. दाराशी आल्यावर मात्र ते बराच वेळ उभे राहिले.

मुलगी पंख्याचा स्क्रू आवळत होती.

"त्या लोकांसमोर मी तुझं नाव घ्यायला नको होतं," बाबा म्हणाले.

"नको होतं." ती स्टुलावरून उतरली नाही. "आणि यार्ड?"

"गेलं."

तिने उरलेला स्क्रू आवळला. मग खाली उतरून खोलीत गेली, खडू घेतला आणि रुळाकाठच्या छोट्या पाण्याच्या टाकीमागे एक खूण केली. "इथे लावा."

हात खाली

आता मी तिथे आहे. दारातून दिसत नाही. पाहुणे माझ्याबद्दल विचारत नाहीत. गाडी माझ्यापाशी थांबते आणि सगळ्या डब्यांनिशी निघते. माझ्या जुन्या जागेवर भोक राहिलंय. मुलगी ते बुजवायला निघाली, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे. कुणी विचारलं तर सांगेन." विचारलं की ते खरंच सांगतात. सांगताना दर वेळी त्यांचे कान लाल होतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी देखणी वस्तू असेल, तर तिला पुसा, तेल द्या, पण तिच्या शोभेपायी कुणाचं सांगणं उडवून लावू नका. आणि पलीकडून कुणी हाक मारली, तर तार ओढायच्या आधी एकदा विचारा, काय सुटलं? विचारायला लाज वाटेल, पण थोडी. मला वाटते तेवढी नाही.